शंभर दाण्यांतले साठ

वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात, सोमवारी सकाळी सात वाजता, आम्ही ओल्या गोणपाटात ठेवलेले सोयाबीनचे शंभर दाणे मोजले. त्रेचाळीस उगवले होते.

आम्ही म्हणजे मी आणि वडील. रिसोड तालुक्यात, रिठदच्या अलीकडे, आमचं तीन एकर वावर आहे आणि वावरातच दोन खोल्यांचं घर. आई गेल्यावर मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडून इथे आले, त्याला चार वर्षं झाली. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.

चाचणीची पद्धत जुनी आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. पाचव्या दिवशी कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीसारखं पेरायचं, साठ-पासष्ट आले तर थोडं दाट. साठच्या खाली वडील पेरत नाहीत.

यंदा या आकड्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. पाडव्याला गुढी उतरवल्यावर वडील ओट्यावर बसून म्हणाले, "घरचं बी साठाच्या वर निंगालं त पेरू. नाई त बटईनं देऊन टाकू वावर."

"विकतचं आणू की, बाबा."

"इकतचं दोनदा आनलं होतं. दोन्ही बारी उगवलं नाई. दुबार पेरनी केली तुह्या मायनं अन् म्या. आता दुबार पेरनी माह्या अंगात नाई." थोड्या वेळाने म्हणाले, "तुह्या अंगात तरी कुठं हाय?"

बटई म्हणजे जमीन आमची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक निम्मं-निम्मं. शेजारच्या वावराचा मालक घ्यायला तयार होता. वावर त्याच्याकडे गेलं की घराला कुलूप लागणार होतं. वडील मंगरूळपीरला माझ्या बहिणीकडे आणि मी पुन्हा शहरात, हेही त्याच दिवशी बोलून झालं.

त्याआधीचं वर्ष असं गेलं. आषाढात निंदायला बायका मिळाल्या नाहीत, तेव्हा तीनपैकी एक एकर मी आणि वडिलांनी निंदलं. अकरा दिवस लागले. श्रावणात पाठीवर पंप घेऊन मी दोनदा फवारणी केली. दुसऱ्या फवारणीनंतर उजवा खांदा वर जाईना, तो हिवाळ्यापर्यंत तसाच राहिला. थंडीत हरभरा होता आणि विहिरीजवळ मेथी आणि वांगी. मेथीच्या जुड्या बांधून मी सकाळच्या जीपने रिसोडला नेत असे. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, शिरले. तीन-चार जनावरांनी एका पहाटेत धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, सहा ओळी संपवल्या. फाल्गुनात विहिरीने तळ दाखवला आणि वांगी सोडून दिली.

चूक सोयाबीन काढताना झाली. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. वडील डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वाशिमला होते. बियाण्याचा दाणा नाजूक असतो. मळणीयंत्र जोरात चाललं की त्याची साल तडकते, वरून काही दिसत नाही आणि पुढच्या वर्षी तो उगवत नाही. म्हणून वडील विहिरीकडच्या कोपऱ्यातलं पीक वेगळं ठेवतात आणि काठीने बडवून बी काढतात. फोनवर त्यांनी तेवढंच सांगितलं, "बियाचं येगळं ठेवजो. बडवनं नाई झालं त मशीन हळू चालवाले सांगजो."

दुपारी आभाळ भरून आलं. मळणीवाल्याला मी सांगितलं, कोपऱ्यातलं हळू घ्या.

"ताई, हळू घेतलं त इथंच रात होईन. अजून दोन जागी जाचं हाय मले. पानी आलं त मले शिव्या देसान का त्याले?"

"चालवा मग," मी म्हणाले.

बियाण्याची दोन पोती भरली; मोठी गंजी, म्हणजे बाकी पिकाचा ढीग, मळायची राहिली. मजुरांनी ती ट्रॉलीवरून खाली टाकली; आपटूनही बी तडकतं. तेही मी पाहिलं. रात्री वडिलांचा फोन आला, "येगळं ठेवलं का वं?" मी म्हणाले, "हो, वेगळं ठेवलं." वाक्य खरं होतं आणि अपुरं होतं. त्या दिवशी पाऊस आला नाही.

त्रेचाळीस हा आकडा सांगितल्यावर वडिलांनी गोणपाट स्वतःकडे ओढलं आणि बोटांनी ओळी चाचपल्या. त्यांचेही त्रेचाळीसच आले.

"मशीन कोन्या चालीनं चाललं होतं?"

मी सगळं सांगितलं, टाकलेल्या पोत्यांसकट.

"तवाच सांगतलं असतं त मोठ्या गंजीतले दोन पोते बडवून घेतले असते. गंजी उभीच होती."

संध्याकाळी वडील म्हणाले, "दुसऱ्या पोत्याचं लाव." पाच दिवसांनी दुसऱ्या पोत्याचे सत्तेचाळीस आले.

बटईला तयार असलेला शेजारी आला तो त्याच दिवशी. दारातूनच म्हणाला, "काय पेपरवाल्या ताई, काय बातमी हाय?"

"सत्तेचाळीस."

"म्हंजे फेल! काका, नापास पोट्टं माह्या वावरात पाठवा, मी पास करतो."

"अजून एक पेपर बाकी हाय," वडील म्हणाले. "चहा घे अन् गप बस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही पोती सुतळी कापून उघडली. दाणा सुपात घ्यायचा, तडकलेला, सुरकुतलेला, डाग पडलेला काढायचा, सालीला खोट नसलेला तेवढा ठेवायचा. मी बघून निवडत होते. वडील दाणा अंगठ्याखाली फिरवून निवडत होते. सकाळी दोन तास आणि दुपारी तीन ते सहा, असे बावीस दिवस आम्ही कडुनिंबाखाली बसलो. एकदा मी म्हणाले, "बाबा, कंटाळा आला." ते म्हणाले, "मलेही," आणि सूप पुढे ओढलं.

निवडलेलं सव्वा पोतं भरलं. बाकीचं विकायला काढून ठेवलं.

तिसरी चाचणी ज्येष्ठात लावली. गुंडाळीवर मी सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते. तरी दुपारी ती जास्त ओली असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले नाही. वडील भिंतीला हात लावत आले, तांब्यातून ओंजळभर पाणी घेऊन गोणपाटावर शिंपडलं आणि परत गेले.

पाचव्या दिवशी शेजारी उत्तर घ्यायला आला होता, त्याच्यासमोरच गोणपाट उघडलं. मी मोजले, चौसष्ट. शेजाऱ्याने मोजले, पासष्ट. वडिलांनी चाचपून मोजले, एका दाण्यावर बोट थांबवलं.

"याचा कोंब मोडका हाय. हा जमीन फोडत नाई. चौसष्ट."

"फस्ट क्लास आला म्हना, काका," शेजारी म्हणाला. "मंग माहं काय?"

वडिलांनी सव्वा पोत्यावर हात ठेवला. दाट पेरायचं तर ते दोनच एकराला पुरणार होतं.

"धुऱ्याकडचा एक एकर तू घे बटईनं. इकतचं आन, उगवलं नाई त दुबार पेरनी तुही. इहिरीकडचे दोन आमी पेरतो." मग माझ्याकडे वळून विचारलं, "होईन ना तुह्यानं?"

"होईल," मी म्हणाले.

बहिणीला मी संध्याकाळी फोन करून सांगितलं की बाबा एवढ्यात येत नाहीत.

मृग लागल्यावर नवव्या दिवशी, ओल वीतभर खोल गेल्याची खात्री करून, दोन एकर पेरलं. शेजाऱ्याने त्याच दिवशी त्याचा एक एकर पेरला. पेरणीनंतर आठव्या दिवशी वडील विहिरीकडच्या पहिल्या ओळीत उकिडवे बसले, कोपरापासून बोटांपर्यंत हात जमिनीवर ठेवला आणि तेवढ्या अंतरातली रोपं दुसऱ्या हाताने मोजली. हातभर ओळीत सहा पुरतात; आठ होती.