सुट्टीच्या दिवशीचा डबा

मुलुंडला आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या बाई फार बोलत नसत. दारात मूल दिसलं की हात पुढे करून "द्या" एवढंच म्हणत. बँकेला सुट्टी असली तरी आम्ही मुलीला तिथं ठेवून घरी झोपा काढायचो. बाईंना कळू नये म्हणून मी इस्त्रीची पँट घालून, रिकामा डबा घेऊन तिला सोडायला जाई. माझं शौर्य तेवढंच.

एकदा बाईंनी तो डबा हातातून घेतला, आत नेऊन पोळीभाजीने भरून आणला. "उपाशी राहू नका, भाऊ." आम्ही नवराबायकोनं घरी बसून तो फस्त केला.

संध्याकाळी मी म्हटलं, "भाजी मस्त होती हो."

"पोरीच्या वाटणीची होती," बाई म्हणाल्या. "तीच म्हणाली, सुट्टीच्या दिवशी बाबांचा डबा रिकामा असतो."