आयझॅकचा फाटलेला हातमोजा

आयझॅक फिअरनचे वडील कंबरलंडच्या खाणीत गुदमरून गेले. हवा वळवणारं दार ऐन वेळी अडकलं होतं. खाण बंद पडल्यावर आयझॅक किनाऱ्यावरच्या अणुकारखान्यात लागला आणि माझ्या शेजारच्या पेटीवर आला. काचेच्या बंद पेटीत किरणोत्सारी भुकटी असायची. पेटीलाच बसवलेल्या जाड रबरी मोज्यांत हात घालून ती हाताळायची.

पेटीतली हवा सतत बाहेर ओढली जायची. ती ओढ आवरायला वर एक व्हॉल्व्ह होता. त्यात ना झडप, ना स्प्रिंग. खोलीतली हवा त्यात तिरकी शिरून भोवरा करायची आणि तो भोवराच वाट अडवायचा. पेटीला कुठे भोक पडलं, तर भोवरा मोडून वाट मोकळी होणार आणि हवा जोरात आत ओढली जाऊन भुकटी बाहेर येणार नाही, असं साहेबांनी सांगितलेलं.

"म्हणजे आत काहीच नाही," आयझॅक म्हणाला. "आणि त्याच्या भरवशावर मी जगायचं?"

"तुझ्या डोक्यात तरी काय आहे? चाललंय ना?"

तो हसला नाही.

एका सकाळी पेटीतल्या एका डब्याची धार त्याच्या मोज्याला लागली. रबर फर्रकन फाटलं. व्हॉल्व्हची बारीक शीळ थांबून एकदम घोंगावणारा आवाज आला. घंटा वाजू लागली.

"हात काढू नकोस!" मी ओरडलो.

आयझॅकने डोळे घट्ट मिटले होते. "बघ ना रे... बाहेर येतंय का?"

मी वाकून पाहिलं. मोज्याच्या चिंध्या आतल्या बाजूला फडफडत होत्या. "आत ओढतंय, आयझॅक! आतच!"

तपासणीवाली विनी किरणोत्सार मोजायचं यंत्र घेऊन धावत आली. खोलीची हवा स्वच्छ निघाली, आयझॅकचं नाकही; म्हणजे श्वासात काही गेलं नव्हतं. मग तिने यंत्र डब्याच्या धारेने त्याच्या बोटावर उठलेल्या ओरखड्यापाशी नेलं. ते कडकडू लागलं.

डॉक्टरांनी तेवढं मांस कापून काढलं. "बहुतेक सगळं निघालं," ते म्हणाले. 'बहुतेक' हा शब्द आयझॅक घरी घेऊन गेला.

मी त्याला पोचवायला गेलो होतो. तो दारातच थांबला, पट्टी बांधलेला हात पाठीमागे लपवून. "मार्था, जवळ येऊ नकोस."

त्याची बायको क्षणभर थबकली. तिचा चेहरा उतरला होता. मग पुढे येऊन तिने तो हात ओढून घेतला.

"भीती मलाही वाटतेय," ती म्हणाली. "पण दारात उभं राहून ती कमी होणार आहे का? आत ये."