होल्याच्या पिलाची चोच

सोसाट्याच्या वाऱ्यात घरटं पडलं आणि होल्याचं, म्हणजे कबुतराच्याच जातीतल्या लहान पाखराचं, एक पिलू आमच्या गॅलरीत येऊन पडलं. मी मुगाची डाळ भिजवून वाटली, चिमटीत धरून त्याची चोच उघडली आणि घास कोंबला. त्यानं मान झटकून सगळं बाहेर टाकलं. दिवसभर हेच चाललं. संध्याकाळपर्यंत त्याची मान लुळी पडू लागली.

शेजारचे रशीदचाचा जन्मभर कबुतरं पाळत आलेत. ते दारातूनच ओरडले, "अरे बाबा, भरवतोयस की पत्रकं वाटतोयस? कोंबू नकोस! हे पिलू तोंड वासत नाही, आईच्या तोंडात स्वतःची चोच घालून खातं. तू नुसती मूठ धर."

मी वाटलेली डाळ मुठीत घेतली, दोन बोटांत फट ठेवली आणि थांबलो. थांबणं मला येत नाही. चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी वाढलो. अन्याय दिसला की समोरच्याच्या हातात कागद कोंबायचा, एवढंच मला ठाऊक. तोच कागद पुढच्या वळणावर पडलेला दिसला की मला त्या माणसाचा राग यायचा. त्याला भूक कशाची आहे, हे मी कधी विचारलं होतं?

पिलानं बोटांना चोच लावली, मागे घेतली. मग एकाएकी ती फटीत खुपसली आणि पंख थरथरवत ते खाऊ लागलं.

घोषणा देताना किती वेळा वळलेली ही मूठ! आज तिच्यात कुणीतरी जेवत होतं, आणि ती जराही हलू नये म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो.