बापूंच्या चाड्यावर बसवलेला स्टिरिओ

आधीच सांगतो, अमानवीय प्रकारांची टिंगल करणाऱ्यांत माझा नंबर पहिला. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं कार डेकोरचं दुकान आहे. गाडीत आवाज येतो म्हणजे काहीतरी ढिलं आहे — स्क्रू, क्लिप, नाहीतर मालकाचं डोकं! पण गेल्या रब्बीच्या पेरणीत जे झालं ते पोटात ठेवून जड झालंय... म्हणून लिहितोय.

वडील — आम्ही त्यांना बापू म्हणायचो — गेल्यावर त्यांची जुनी व्हॅन माझ्याकडे आली. माय तीर्थपुरीला एकटीच राहते. बापू गेल्यापासून तिचं बोलणं 'हो' आणि 'न्हाई'वर आलं होतं. गाडीत निदान भजनं तरी ऐकेल, म्हणून टचस्क्रीन स्टिरिओ बसवायला घेतला. पण त्या डॅशबोर्डला मापाची खाच नाही, आणि तयार फ्रेम कुठे मिळेना. मायच्या अंगणात प्लायवूड कापत बसलो होतो, तेव्हा तिने आतून बापूंचं चाडं आणून दिलं. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्यात मुठीने बी सोडायचं, ते तळाच्या भोकांतून, नळ्यांतून मातीत जातं.

"ट्रॅक्टर आल्यापास्नं पडूनच हाये. बघ, कामी आलं तर."

बाभळीचं दणकट लाकूड. मागून तासलं, डॅशबोर्डला बोल्टने आवळलं, पुढे पट्ट्या मारून स्क्रीन बसवला. वायरींना भोकं आयतीच मिळाली. बसवण्याआधी मायने चाड्याला हळदकुंकू लावलं, पेरणीला लावतात तसं. मी हसलो होतो.

मायला शेजारी बसवून काढलेल्या पहिल्याच फेरीत, आमच्या शेताच्या वळणावर आवाज सुरू झाला. सर्रर्र... मध्येच अडकल्यासारखा... पुन्हा सर्रर्र. माझी तर नाचक्कीच की! इंजिन बंद केलं. स्टिरिओ बंद केला. उतरून बॅटरीची वायरसुद्धा काढली. गाडी जागच्या जागी उभी, भर दुपार, वारा नाही — आणि चाड्यातून आवाज येतोय. लाकडावर तळवा ठेवला. जराही थरथर नव्हती.

माय मान कलती करून ऐकत होती. "चाड्यावर मूठ धरून राह्यलेत," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझे बापू. पेरताना मी तिफणीमागून करडईची येगळी नळी धरून चालायची ना. अंगठा वाकडा त्यांचा, मूठ अशीच मधी अडकायची. मला न्हाई कळणार मंग कुणाला?"

"माय, वायरी घासत असतील," मी म्हणालो.

ती वाद घालत बसली नाही. पण त्यानंतर मी गेलो की चहाच्या आधीच म्हणायची, "चल रे, शेतापातूर जाऊन येऊ." आणि वाटेत बोलायची! कोणत्या साली ज्वारी आडवी झाली, बापू कसे रुसून बांधावर जेवले, सगळं. मला वाटलं, दुःख ओसरतंय.

मग एकदा गॅरेजवाला एक मित्र सोबत आला. त्याच वळणावर त्यालाही ऐकू आलं. "काय राव, लोकांच्या गाड्यांची खडखड काढता अन् स्वतःच्या गाडीत हे?" दिव्याखाली अंधार म्हणून तो जालन्यापर्यंत हसत आला. मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी चाड्याच्या भोकांत फोम भरला, मागे फेल्ट चिकटवलं. काम बाकी झकास झालं.

पुढच्या खेपेला माय बसली. वळण आलं. "थांब जरा," म्हणाली. थांबलो. बराच वेळ ती वाट बघत राहिली.

"आज न्हाई आले."

मी काय केलं ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

फोम कोरून काढला. फेल्ट उपटलं. बोल्ट होते तसे आवळले, मायच्या हाताने पुन्हा हळदकुंकू लावलं. काहीच नाही. तुम्ही म्हणाल लाकूड तापतं, स्पीकर कुरकुरतात. बॅटरी काढलेली असताना? मलाही उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, उत्तर नकोच आहे. तो आवाज परत पाहिजे.

माय पुन्हा हो-न्हाईवर आलीय. परवा त्या वळणावर तिने स्वतःच हात लांब करून भजन बंद केलं आणि चाड्याजवळ कान नेला. मी इंजिन बंद केलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात एवढी गप्प गाडी मी कुणालाच करून दिली नव्हती.