पाचवं सड

काल बाबांनी घरून लाखोळीची डाळ पाठवली. वसतिगृहात मी गाठोडं सोडलं, तर ते बांधलेल्या त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या दुपट्ट्याला अजून गोठ्याचा वास होता. त्या वासासरशी मी गोंडपिपरीजवळच्या आमच्या अंगणात पोचले.

मी तेव्हा लहान होते. आमच्या कालवडीच्या कासेला चारांखेरीज पाचवं सड आहे, हे गावातल्या म्हाताऱ्या सोमाभाऊंनी पाहिलं.

“अशुभ हाये हे. जंगलात सोडून दे, नाईतर घर बसन तुयं.”

“वाघाले फुकटचं जेवण काऊन द्याचं, भाऊ?” बाबा म्हणाले. जमलेल्या गावकऱ्यांत कुणीच हसलं नाही.

बाबा उघड्या अंगाने दोर धरून उभे होते. त्यांच्या छातीखाली मुगाएवढं तिसरं बोंड होतं, थेट त्या सडासारखं. आता बाबांनाही जंगलात सोडतील, या भीतीने मी धावले आणि त्यावर गाल दाबून धरला. कानाशी त्यांचं काळीज धडधडत होतं. त्यांनी दुपट्टा आम्हा दोघांवर ओढला आणि कालवडीचा दोर सोमाभाऊंच्या हाती दिला.

परवा वर्गात सरांनी सांगितलं, असं जास्तीचं सड आईबापांकडून येऊ शकतं, जनावरांत तसंच माणसांतही. त्यात अशुभ काही नसतं. सुट्टीत हे बाबांना कसं सांगावं, कळत नाही. त्या दिवसानंतर ते उघड्या अंगाने कधी अंगणात आले नाहीत.