बाई आणि हरवलेली हेडर फाइल

“पयली चूक वाचा. खालच्या सगळ्या तिच्यामुळं आल्यात.”

चष्मा कपाळावर ढकलून, पडद्यावर बोट आपटत आमच्या मुरबाडच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबच्या बाई हे सांगायच्या. पडद्यावर त्यांच्या बोटांचे ठसे असायचे आणि ते कुणी उमटवले म्हणून त्याच ओरडायच्या.

बाई मूळच्या शेणव्याच्या. तयार सॉफ्टवेअर त्यांना बाजारच्या मसाल्यासारखं वाटे. “आत काय घातलंय कुणाला माहीत?” म्हणून मूळ कोड आणून तो स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचा, त्यांचा हट्ट. पहिल्या खेपेला ते जमलेलं मी तरी पाहिलं नाही.

मी तिथला ग्रंथपाल, माझं दालन लॅबसमोरच. एकदा त्या किंचाळल्या, “लायब्ररी सापडत नाय!” मी धावत गेलो.

“बाई, लायब्ररी समोरच आहे की.”

“तुमची नाय ओ सर! कोडमधली. तयार कोडचा साठा असतो तो.”

त्या वर्षी इतिहासाच्या सरांची नजर मधुमेहानं गेली. वाचन सुटलं आणि हा बोलघेवडा माणूस स्टाफरूममध्ये गप्प बसू लागला. बाईंना ते बघवेना. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी शोधला. माझ्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालेना, तेव्हा अर्थातच त्या म्हणाल्या, “मग आपणच बांधू.”

बांधकाम पहिल्याच पायरीवर अडलं. हेडर फाइल सापडत नाही, असं मशीन सांगू लागलं.

“म्हणजे काय हरवलं?” मी विचारलं.

“लायब्ररीत काय काय आहे, ते कंपाइलरला सांगणारी फाइल. ती दिसली नाय तर तो पुढं सरकत नाय.”

मग रोज दुपारी बाई येत. फाइल पुन्हा उतरवून घेत, पुन्हा कंपाइल करत, पुन्हा तीच चूक. त्यांनी इंटरनेटला दोष दिला, मशीनला दिला, माझ्या पंख्यालाही दिला. एक दिवस मात्र पडद्यावर आपटणारं त्यांचं बोट मधेच थांबलं.

“सापडली. मशीनमधीच होती. भलत्या फोल्डरात ठेवलेली, कंपाइलर तिकडं बघणार कसा?”

“कुणी ठेवली?”

बाई चष्मा पुसू लागल्या. फोल्डरला त्यांचंच नाव होतं.

फाइलचा रस्ता कंपाइलरला दाखवला आणि काम पार पडलं. सरांना हाताला धरून आणलं. कॉलेजच्या अंकातला त्यांचाच जुना लेख मशीन सपाट आवाजात वाचू लागलं. सरांचे डोळे भरून आले. बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

“रडताय काय सर? ‘म्हसा’ गावाचं नाव नीट म्हणत नाय ते. उच्चार सांगा.”

सर खाकरले आणि शिकवायला लागले. गावांची नावं, किल्ल्यांची नावं. बाई ते उच्चार प्रोग्राममध्ये भरत, पुन्हा कंपाइल करत. दोघं इतकं भांडत की मला ‘शांतता राखा’ची पाटी दाखवायची सोय राहिली नाही, कारण एकाला ती दिसत नव्हती आणि दुसरीला ती लागू नव्हती.

बाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी भाषणं संपताच गळ्यातल्या हारासकट लायब्ररीत आल्या. ‘तानसा’ हे नदीचं नाव मशीन अजून चुकत होतं. हार कीबोर्डवर लोळायला लागला, तसा त्यांनी तो पाठीवर टाकला.

“परत एकदा,” सर म्हणाले.

मशीन बोललं.

“आता बरोबर.”

बाहेर फोटोसाठी सगळे खोळंबले होते. शेवटी तो तसाच काढला. स्टाफरूममध्ये तो फोटो लावलाय. बाईंच्या निरोपाचा आहे, पण त्यात बाई नाहीत.