चिंधी बांधलेली अंबाडी

"हात काढ!"

शेजारच्या शेतातल्या अप्पांचं पहिलं वाक्य नेहमी हेच. समोर कोण आहे, हात कशाला लागलाय, हे ते नंतर बघायचे. लग्न होऊन मी चिंताकीला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या नि त्यांच्या शेतांमधल्या सामाईक बांधावरची अंबाडीची चार पानं खुडली आणि पाठीमागून हाच आवाज आला.

"कामून तोडायलीस? तुझ्या बापानं पेरलीया व्हय?"

माझा बाप उदगीरला होता आणि त्यानं जन्मात अंबाडी पेरली नव्हती, तरी मी पानं पदरात लपवून पळाले. पुढच्या वीस वर्षांत मात्र उत्तरं सुचत गेली. "निम्मा बांध आमचा हाय, अप्पा. निम्मी पानं आमची." त्यावर ते म्हणत, "मंग परत्येक पान फाडून निम्मं ने."

असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. बोलणं खोटं नसतं, पण ऐकून घ्यावंसंही वाटत नाही. मला तो माणूस आवडत नव्हता, आणि आज ते गेले म्हणून आवडत होता असं मी म्हणणार नाही.

पण अंबाडी त्यांचीच. आमच्याकडे कुणी तिला पुंडी म्हणतं, औरादकडची तेलुगू माणसं गोंगुरा म्हणतात. अप्पांची होती लाल देठाची, बिनकाट्याची, आणि अशी आंबट की डाळीत दोन मुठी टाकल्या तर घरात दुसरं कालवण लागत नसे. तिचं बी त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. मागायला गेलेल्यांना ते म्हणत, "पानं खा. बियाचं नाव काढू नका." पानं तरी कुठे खाऊ देत होते! मी चोरूनच न्यायची, आणि त्यांनाही ते माहीत होतं.

भादव्यात ते ओळीनं प्रत्येक झाडाचं एक पान चावून थुंकत जायचे. दात आंबून जायचे, संध्याकाळी भाकरीही चावायची नाही. जे झाड पसंत पडेल त्याला जुन्या धोतराची चिंधी बांधायचे. चिंधीचं झाड म्हणजे बियाचं झाड. आमच्या भागातली कुठलीही बाई त्याला हात लावत नाही, मी चोर असूनही कधी लावला नव्हता. बोंडं वाळली की पहाटे दहिवर असतानाच खुडायची, कारण उन्हात ती तडकतात आणि बी मातीत जातं. बोटांत बोंडाची कुसं शिरलेली, तरी अप्पा ते काम दुसऱ्याला देत नसत.

एका वर्षी, चिंध्या बांधून झाल्यावर, माझ्या रोजगारी बायकांसमोर ते मला म्हणाले, "हिच्या मायनं हिला चोरीच शिकवून धाडलीया." माझी आई जाऊन महिना झाला होता. मी ते मनात ठेवलं.

त्याच आठवड्यात मोतीबिंदू काढायला ते बिदरला गेले. भर दुपारी मी बांधावर गेले, एकेक गाठ सोडली आणि त्या चिंध्या ओळीत मध्येच उगवलेल्या हिरव्या देठाच्या, काटेरी, पाणचट झाडांना बांधल्या. बायका भाजीला आल्या, त्यांनी बिनचिंधीची लाल झाडं ओरबाडून नेली. उरलेले दांडे अप्पांच्या मुलानं दोरखंडाच्या वाखासाठी कापून ओढ्यात भिजत घातले. पुढे थंडीत, अप्पांचे डोळे अजून बरे नव्हते म्हणून, त्यांच्या सुनेनं बोंडं खुडली ती चिंध्या बघूनच. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात बांधावर जे उगवलं ते सगळं काटेरी आणि हिरवं. मी भांडणाची वाट बघत होते. अप्पा आले, ते थेट माझ्या दारात. वीस वर्षांत पहिल्यांदा. पायरीवर बसले. हातात एक पान होतं.

"उदगीरची, इकडं ये. डोळं गेल्तं तवा माझं. झाडं निवडण्यात माझीच चूक झाली का काय, कळंना झालंय. आता जिभंला चव बी न्हाई." त्यांनी पान पुढे केलं. "तू वीस वर्सं चोरून खाल्लीस. ही चव तुझ्याइतकी कुणाला ठावं न्हाई. खाऊन सांग, तीच हाय का?"

मी चावलं. आंबटपणा नावालाही नव्हता. खरं सांगायची वेळ तीच होती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तीच हाय, अप्पा."

दयेनं बोलले की भीतीनं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. भीतीनंच. अप्पांचा चेहरा मात्र उजळला. "मंग काटे असंनात," म्हणाले आणि उठले. त्या भादव्यात त्यांनी त्याच झाडांना चिंध्या बांधल्या, थंडीत बी धरलं, आणि संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत गेले.

मातीला मी गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

पेरणीच्या आधी त्यांची सून आली. हातात राख लावलेल्या बियाची पुरचुंडी. म्हणाली, "मामा जायच्या आदी बोलले, हे उदगीरच्या बाईला दे. बाकी कुणाला चव कळत न्हाई."

अप्पांनी जन्मात कुणाला दिलेलं एवढंच बी. त्यांचं खरं बी मी मारलं, आणि हे माझ्या ओटीत आलं.

दरवर्षी ते मी बांधावर पेरते. घरात सगळे कुरकुरतात, ही कसली अंबाडी, हिला चवच नाही, बाजारातून चांगलं बी आण. मी चिंच कोळते आणि भाजीत घालते.